मुठीतली कडी

गरवायची काठी ऑर्डरप्रमाणे बांधून घेणारा माणूस पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारतो. ब्लँक, म्हणजे काठीचा मूळ दांडा, कुठला घालणार, रील बसवायची रीलसीट कुठली, मुठीचं बूच कोणत्या प्रतीचं. चौथा प्रश्न आधी केलेल्या काठ्या हातात घेतल्यावर येतो, "या मधल्या कड्या कसल्या?" बुचाची पकड संपून रीलसीट सुरू होते तिथं, पकडीच्या पुढच्या टोकाला आणि कधी अगदी बुडाशी, दोन ते सहा मिलिमीटर जाडीची एक कडी बसवलेली असते. दुकानदार तिला ट्रिम रिंग म्हणतात, आम्ही नुसतं कडी म्हणतो. ती नसली तरी गळाला मासा लागतो. तरीही मूठ करताना मी सर्वांत जास्त विचार तिचाच करतो. लोक ती शोभेची म्हणून मागतात, पण ती बसते सांध्यावर. सांध्यावर बसणारी वस्तू नुसत्या डोळ्यांनी निवडता येत नाही.

कडीचं काम काय ते आधी सांगतो. बूच म्हणजे पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओकच्या झाडाची साल. झाड न तोडता ती साधारण नऊ वर्षांनी एकदा सोलतात, आणि जगातलं निम्मं बूच एकट्या पोर्तुगालमधून येतं. हलकं, हाताला ऊबदार, भिजलं तरी न निसटणारं असं दुसरं काही मला अजून मिळालेलं नाही. त्याची कड मात्र कच्ची असते. अर्धा इंच जाडीच्या चकत्या एकीला एक चिकटवून पकड तयार होते. शेवटच्या चकतीची कड उघडी राहिली तर होडीच्या काठाला, खडकाला टेकवताना तिचे कण उडत जातात. तिच्या शेजारी काहीतरी कठीण हवं, ते कडी पुरवते. दुसरं काम फट बुजवायचं. बूच आणि रीलसीट यांच्यामध्ये पाणी शिरलं तर आतला सांधा सैल व्हायला वेळ लागत नाही. तिसरं काम अंगठ्याचं आहे. रात्री, काळोखात मासा ओढत असताना आपला हात काठीवर नेमका कुठं आहे हे कडीवरून कळतं. बाणकोटच्या बाजूला गरवणारे एक आजोबा मला एकदा म्हणाले, "माशाला तुझी कडी दिसत नाय रं बाबा, पन हाताला कळते." त्यानंतर कुठलीही कडी घासून झाली की मी डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवतो.

माझं घर पोलादपूर तालुक्यात, आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडच्या अंगाला. घाट चढून वर गेलं की प्रतापगडाचा फाटा, पुढं महाबळेश्वर. सावित्री तिथं उगम पावते, डोंगर उतरून पोलादपूर आणि महाडवरून वाहत बाणकोटला समुद्राला मिळते. भरतीचं पाणी खाडीतून थेट महाडच्या अंगापर्यंत चढतं. म्हणजे शंभरेक किलोमीटरच्या आत एकाच नदीवर डोंगरातलं गार पाणी आहे, गोड्या पाण्याचे डोह आहेत, मचूळ खाडी आहे आणि खारा समुद्रही आहे. माझ्याकडच्या काठ्या या सगळ्या पाण्यांवर जातात. वरच्या अंगाला मरळ आणि शिंगाळ्यासाठी, खाली खाडीत जिताडा आणि तांबोशीसाठी, काही थेट खडकांवरून समुद्रात. काळ नदीवरच्या वाळणकोंड या डोहात मात्र गरी पडत नाही. तिथले महसीर मासे वरदायिनी देवीचे म्हणून गावानं पिढ्यान्‌पिढ्या राखलेत. माझ्याकडे काठी घेणाऱ्या नवख्या माणसाला मी हे आवर्जून सांगतो.

महाड-पोलादपूरच्या बहुतेक घरांसारखा आमचाही एक पाय मुंबईत होता. आयटीआयला टर्नरचा ट्रेड करून मी उपनगरातल्या एका कारखान्यात लेथवर काम केलं, आणि नंतर गावी परतलो तो एक जुना छोटा लेथ घेऊनच. इथं गरवणाऱ्यांच्या हातात तेव्हा चिव्याच्या बांबूच्या काठ्या असत. जवळजवळ भरीव, बारीक, वाकवावी तशी वाकणारी. त्यांना मूठ म्हणजे सुतळीचे वेढे. मुंबई-पुण्याकडची हौशी मंडळी कार्बनच्या काठ्या घेऊन यायला लागली, त्यातली एखादी मुठीशी ढिली झालेली माझ्याकडे दुरुस्तीला यायची. दुरुस्तीतून मुठी करायला शिकलो, मुठींतून कड्यांकडे वळलो. कुठला माल टिकतो हे मला पुस्तकापेक्षा सोलून काढलेल्या जुन्या मुठींनीच जास्त शिकवलं.

आमच्याकडे सगळ्या मालाची परीक्षा पाऊस घेतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो, पायथ्यालाही तो काही कमी नाही. जून ते सप्टेंबर घरातल्या भिंतींना, कपड्यांना, चामड्याच्या चपलांना बुरशी येते. मे महिन्यात खडखडीत असलेलं लाकूड ऑगस्टमध्ये हवेतलंच पाणी पिऊन फुगतं. लाकूड सगळीकडून सारखं फुगत नाही, ही खरी अडचण. उभ्या धाग्याच्या दिशेनं ते जवळजवळ हलतच नाही. आडव्या दिशेनं हलतं, आणि त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या अंगानं जास्त, गाभ्याकडून सालीकडे कमी. सागवान हे सर्वांत शांत लाकडांपैकी एक. तेही ओलं असताना कापून पूर्ण सुकवलं तर वर्तुळांच्या अंगानं पाच-साडेपाच टक्के आकसतं, दुसऱ्या अंगानं त्याच्या निम्मं. आता हिशोब करा. पकडीचा व्यास सव्वीस मिलिमीटर. उन्हाळा आणि पावसाळा यांच्यामधल्या फरकानं एवढ्याशा कडीत पाव मिलिमीटर किंवा थोडा जास्त फरक पडतो. कागदावर तो काहीच वाटत नाही. बोटाला मात्र दहाव्या हिश्शाचाही उंचवटा लागतो, आणि दिवसभर काठी धरणाऱ्याच्या तळव्याला तो टोचतो.

म्हणून लाकडाच्या कडीत जातीइतकंच कापण्याला महत्त्व आहे. फांदीची आडवी चकती कापून मध्ये भोक पाडलं की वर्तुळं सुंदर दिसतात, आणि पहिल्याच उन्हाळ्यात गाभ्यापासून कडेपर्यंत चीर जाते. फळीतून कापलेली कडी चिरत नाही, पण पावसात एका बाजूनं वाढते, दुसऱ्या बाजूनं वाढत नाही, आणि गोल होती ती लंबगोल होते. शिवाय जिथं धागा आखूड पडतो त्या दोन जागी ती पातळ असली तर मोडते. मी दीड-दोन मिलिमीटरचे दोन पदर एकमेकांना काटकोनात चिकटवतो. एकाचा धागा दुसऱ्याची हालचाल धरून ठेवतो. मध्ये काळ्या फायबरचा पातळ कागद घातला तर सांधा लपतो आणि रेघही शोभते. मेहनत दुप्पट होते, पण माझ्या हातची लाकडी कडी याखेरीज मी बाहेर पाठवत नाही.

जातींपैकी मला सर्वांत भावतो तो खैर. लालसर काळपट, जड, घट्ट, पॉलिशपेपर फिरवला की तेल न लावताही चमकणारा. पूर्वी मुसळं, नांगराचे भाग खैराचे असत, कारण तो झिजत नाही. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडी असायची, तीही लाकूड फाटू नये म्हणून. आता घरोघरी मिक्सर आहेत आणि मुसळं माळ्यावर पडून आहेत. मोडलेलं, कीड लागलेलं मुसळ कुणी देऊ केलं तर मी ते घेतो. आत चाळीस-पन्नास वर्षं सुकलेला खैर मिळतो, आणि सुकताना जेवढा आकसायचा तेवढा तो आकसून झालेला असतो. ताजा खैर मी घेत नाही. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानं खैर, साग, आंबा, फणस, चिंच, ऐन, किंजळ, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या मालकीच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि कोकणात खैराची चोरटी तोड किती चालते हे सगळ्यांना माहीत आहे. शोभेच्या कडीसाठी झाड पाडणं मला पटत नाही. कडीला लाकूड लागतंच बोटभर. मोडकी दारं, जुन्या खिडक्यांचे गज, सुताराच्या दुकानातले तुकडे यांत आयुष्यभराचा माल आहे.

खैरानंतर चिंचेचा गाभा. जांभळट तपकिरी रंगाचा, दगडासारखा. फणस नवा असताना पिवळाधमक असतो, उन्हानं हळूहळू मधाच्या रंगावर जातो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर वर्षानं तो रंग उडाला म्हणून काठी घेऊन येतो. शिसव देखणा आहे, पण त्याच्या भुशानं काहींच्या अंगाला खाज येते, आणि तो भुसा बुचात बसला की काळे डाग पडतात ते निघत नाहीत. आंब्याचं लाकूड मी कडीला वापरत नाही. त्याला कीड लवकर लागते.

आता धातू. पितळेच्या कडीला आमच्याकडे मागणी मोठी. समईचा, कळशीचा रंग तो, मराठी डोळ्याला तो पटकन आपला वाटतो. लेथवर पितळ वळवायला सुखाचं, कातरण बारीक निघतं, कड स्वच्छ येते. पण वजन आधी बघावं. सव्वीस मिलिमीटर व्यासाची, बारा मिलिमीटर भोकाची, तीन मिलिमीटर जाड कडी पितळेची केली तर साडेदहा ग्रॅम भरते. तीच अॅल्युमिनियमची साडेतीन ग्रॅमच्या आत, खैराची सव्वा ग्रॅमच्या आसपास. बुडाशी साडेदहा ग्रॅम चांगले, लांब काठीचा तोल ते सावरतात. हाताच्या पुढं, टोकाकडच्या बाजूला तेच ग्रॅम दिवसभर मनगटाला ओढत राहतात. म्हणून बुडाला पितळ, पुढं हलका माल, हा माझा ठरलेला क्रम.

खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि उरलेल्या तांब्याची लालसर, सच्छिद्र कातडी राहते. घरातल्या देव्हाऱ्यात हे होत नाही, समुद्रावर होतं. खाडीवरच्या काठीला पितळ घालायचंच असेल तर वर लॅकरचा हात द्यावा आणि प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्यानं धुवावं. अॅल्युमिनियमची गोष्ट याहून वेगळी. कार्बनच्या ब्लँकमधून वीज वाहते. अॅल्युमिनियम त्याला टेकलेलं असेल आणि मध्ये खारं पाणी आलं तर तिथं एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. पांढरी भुकटी, मग खड्डे. वरून अॅनोडाइज केलेली कडी टिकते, पण आतलं भोक घासून मोठं केलं की तिथलं कवच जातं, आणि ब्लँक नेमका तिथंच टेकतो. म्हणून धातूची कुठलीही कडी मी थेट ब्लँकवर बसवत नाही. आधी ब्लँकवर दोऱ्याचे वेढे, त्यावर एपॉक्सी, मग कडी. ही मधली पातळ भिंत बाहेरून कुणाला दिसत नाही. खाडीवरच्या काठीचं आयुष्य तिच्यावर आहे. जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी नसते, तांबं-निकेल-जस्त असतं, हा धातू जुन्या विलायती काठ्यांवर असायचा. तो पितळेपेक्षा कमी काळवंडतो आणि बुचाच्या रंगाशी फार सुंदर जातो. किंमत जास्त, वजन पितळेइतकंच.

या सगळ्या मालाची एक मोठी परीक्षा मी डोळ्यांनी पाहिली. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी या नद्यांचं पाणी महाड शहरात शिरलं आणि लोकांच्या घरांचे तळमजले बुडाले. त्याच पावसात तळीये गावात, आणि आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी कोसळून माणसं गेली. आंबेनळी घाट ठिकठिकाणी खचून बंद होता. त्यापुढं काठ्यांची गोष्ट अगदीच किरकोळ. पण घरं धुऊन झाल्यावर, चिखल काढून झाल्यावर काही लोक चिखलातून निघालेल्या काठ्या घेऊन माझ्याकडे आले. कुणाच्या वडिलांची होती, कुणाच्या भावाची. एक ताई म्हणाल्या, "दादा, घरातलं दुसरं काही वाचवता आलं नाही, एवढी बघा." त्या वेळी कुणालाही मी नाही म्हणालो नाही.

त्या काठ्या निरनिराळ्या लोकांनी, निरनिराळ्या वर्षी, निरनिराळा माल घालून बांधलेल्या होत्या, आणि सगळ्या एकाच पाण्यात, एकाच चिखलात पडलेल्या. ओट्यावर ओळीनं मांडून एकेक मूठ उघडली. बूच जवळजवळ सगळीकडे वाचलं होतं, धुऊन, सावकाश वाळवून, हलकं घासून ते पुन्हा कामाला लागलं. पितळ काळंठिक्कर पडलं होतं, पण चिंचेनं घासल्यावर खाली धातू शाबूत. साध्या अॅल्युमिनियमवर खड्डे. ज्या लाकडी कड्यांना नुसतं चपड्याचं पॉलिश होतं त्या पांढऱ्या पडल्या, फुगल्या आणि फुगताना त्यांनी शेजारचा गोंदाचा सांधा उखडला. ज्यांच्यात एपॉक्सी मुरवलं होतं त्या राहिल्या. शिंगाच्या कड्या वाकून त्यांचे पदर सुटले होते. आणि एका जुन्या, अगदी साध्या काठीवरची मातकट तपकिरी कडी ओल्या फडक्यानं पुसली तेव्हा ती कालच बसवल्यासारखी निघाली. ती हायलमची होती.

हायलम आपल्याकडच्या प्रत्येक वायरमनला आणि वर्कशॉपवाल्याला माहीत आहे. कागदाचे किंवा सुती कापडाचे थर बेकेलाइटच्या जातीच्या रेझिनमध्ये भिजवून, तापवून, दाबून केलेला तक्ता. स्विचबोर्डाला, मशीनच्या गिअरला, बुशिंगला तो वापरतात. तो पाणी फारसं घेत नाही, वीज वाहत नाही, वजनाला धातूच्या कितीतरी कमी, आणि लेथवर छान वळतो. परदेशात चाकूच्या मुठींसाठी याच जातीचा माल मायकार्टा नावानं महाग विकला जातो. आपल्याकडे तो मशिनरीच्या बाजारात वजनावर मिळतो. कापडी हायलम गोल वळवला की विणकरानं घातलेले धागे वर्तुळात उमटतात, प्रत्येक कडीवर वेगळे. तोपर्यंत तो माझ्या शोभेच्या यादीत नव्हता याचं कारण एवढंच की तो कारखान्यातला होता. पुरानंतर मी तो यादीत सगळ्यात वर ठेवला.

त्यातून पुढं एक काम सुरू झालं, ते मला या धंद्यातलं सर्वांत जवळचं वाटतं. हायलमच्याच पद्धतीनं आपल्याकडचं कापड वापरून तक्ता करता येतो. सुती कापडाचे चौकोन कापायचे, एपॉक्सीत एकेक भिजवून एकावर एक रचायचे, दोन सपाट पाट्यांच्या मध्ये घालून क्लॅम्पनं आवळायचे आणि पूर्ण घट्ट होईपर्यंत हात लावायचा नाही. कापड खडखडीत कोरडं हवं, म्हणून हे काम मी दिवाळी ते मे यांच्यामध्येच करतो. पावसाळी हवेत एपॉक्सीवर चिकट साय धरते आणि पुढचा थर नीट बसत नाही. लोक कापड घेऊन येतात. आईचं जुनं लुगडं, गिरणीत काम केलेल्या आजोबांचा सदरा, लहानपणीच्या गोधडीचा तुकडा. त्यातले रंग कडीवर बारीक रेघांत उतरतात. हिरव्या इरकलीचा काठ एका कडीत घातला होता, तो ओला झाला की अजून गडद दिसतो. कापड मात्र सुती हवं. नायलॉन किंवा पॉलिएस्टर रेझिन नीट पीत नाही आणि वळवताना पदर सुटतात.

शिंगाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. म्हशीच्या शिंगाचा काळा, धुरकट रंग फार सुंदर. सावंतवाडीकडे शिंगाच्या वस्तूंची जुनी कारागिरी आहे, आणि ते गरम करून वाकवता येतं हे त्यांच्याकडूनच शिकावं. पण नखासारखंच ते पाणी पितं, वाकतं, आणि ठेवून दिलं तर किडे त्याला पोखरतात. कोरड्या प्रदेशातल्या काठीला ते शोभेल, आमच्या घाटाखाली नाही. आणि सांबराचं शिंग कुणी कितीही पैसे देऊ केले तरी मी हातात घेत नाही. "जंगलात गळून पडलेलं आहे, कुणी मारलेलं नाही," असं सांगणारे येतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि गळून पडलेल्या शिंगाचाही व्यापार करता येत नाही. चितळाचं शिंग, साळिंदराचे काटे, हस्तिदंत यांचंही तेच. आमच्या या डोंगरांत सांबर अजून आहे. त्याचं शिंग मुठीत घालून नदीवर बसणं हे कायदा सोडला तरी चांगलं नाही.

अॅक्रिलिकचा विचार तरुण मंडळी जास्त करतात. रंग हवे ते मिळतात, पाणी लागत नाही, वजन कमी. वळवताना वेग जास्त ठेवला तर ते तापून वितळतं आणि हत्याराला चिकटतं, म्हणून सावकाश आणि धारदार हत्यारानं काढावं. पडलं की कडेला टवका उडतो. मी ते पातळ रेघ म्हणून वापरतो, दोन लाकडी पदरांमध्ये मिलिमीटरभर पांढरं किंवा लाल. पूर्ण कडी त्याची करत नाही. करवंटी मात्र मला फार आवडते. जुन्या, पक्क्या नारळाची करवंटी तीन-चार मिलिमीटर जाड, गर्द तपकिरी, त्यात फिकट ठिपके. तिला बाक असल्यामुळं पूर्ण कडी एका तुकड्यात निघत नाही, चार-सहा खापे जोडून करावी लागते. वेळखाऊ काम आहे, पण कोकणातल्या माणसाच्या काठीवर ती जितकी शोभते तितकं दुसरं काही नाही, आणि माल प्रत्येक घराच्या मागच्या दाराशी पडलेला असतो.

निवड झाल्यावर काम कसं करावं, तेही थोडक्यात. कठीण कडी आणि मऊ बूच एकत्र चिकटवून एकदम घासायला घेतलं तर पेपर बूच भराभर खातो आणि कडी वर उठून राहते. म्हणून कडी आधी स्वतंत्र मॅन्ड्रेलवर, म्हणजे लेथवर फिरणाऱ्या दांड्यावर, नेमक्या मापाला आणावी, पॉलिश पूर्ण करावं, मग मास्किंग टेपनं झाकून बूच तिच्या पातळीला उतरवावं. पेपर हातात धरू नये, सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळावा. धातूची किंवा गर्द लाकडाची कडी बुचाशेजारी कधीच घासू नये, भुसा छिद्रांत बसला की बूच कायमचं मळतं. चिकटवायच्या बाजू खरबरीत करून पुसून घ्याव्यात, खैर-शिसवासारख्या तेलकट लाकडाला तर स्पिरिटनं पुसल्याशिवाय गोंद लावू नये. पाच मिनिटांत घट्ट होणारं एपॉक्सी दुरुस्तीपुरतं ठीक, नव्या मुठीला रात्रभर घेणारंच वापरावं. आणि शिंग, हायलम, करवंटी, शिसव यांचं काम करताना तोंडाला चांगला मास्क हवा. ही धूळ फुप्फुसात जाते आणि बाहेर येत नाही. लहान वयात कामाला लागलेल्या पोरांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथं लिहितो.

गिऱ्हाइकाशी बोलताना मी आता कड्यांचा डबा सुरुवातीला उघडत नाही. आधी विचारतो, काठी कुठल्या पाण्यात जाणार? धुणार कोण, ठेवणार कुठं? होडीतून गरवणार की खडकावरून? हात ओला असताना पकड कशी धरता? या उत्तरांतच अर्धा माल बाद होतो. मग उरलेल्यातला रंग त्यांनी निवडावा, तो त्यांचा हक्क आहे. जिताड्यासाठी खाडीवर जाणाऱ्याला मी हायलम किंवा कापडी तक्त्याची कडी देतो, बुडाला हवं तर लॅकर केलेलं पितळ. गोड्या पाण्याच्या डोहावर बसणाऱ्याला खैर, चिंच, करवंटी, सगळं उघडं आहे, फक्त दोन पदरी आणि एपॉक्सी मुरवलेलं. समुद्राच्या खडकांवर जाणाऱ्याला कडी कमीत कमी जाडीची आणि बुचाशी अगदी सपाट.

नव्यानं मुठी करायला लागलेल्यांना एवढंच सांगतो. बाहेरून मागवलेल्या चकचकीत कड्यांच्या पाकिटाआधी आपल्या माळ्यावर, सुताराच्या कोपऱ्यात आणि मशिनरीच्या बाजारात बघा. आपल्या पावसाला टिकणारा आणि आपल्या हाताला ओळखीचा माल तिथंच आहे. मात्र वापरण्याआधी त्याचा एक तुकडा पूर्ण पावसाळाभर पडवीत उघडा ठेवा, दिवाळीला व्हर्निअर लावून मोजा, आणि जो मापाला तसाच राहिला तोच काठीवर चढवा.